कुंभाराचं गाढव आणि मुंबईचा प्लेग

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल नावाच्या गावात १०७ माणसांना प्लेगची लस टोचण्यात आली. लस मुंबईहून आलेली, परळच्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांच्या देखरेखीखाली तयार झालेली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. एकोणीसच्या एकोणीस जणांना एकाच बाटलीतली लस दिली गेली होती. बाकीच्यांना काही झालं नाही.

ही माणसं कशाने गेली? धनुर्वाताच्या जंतूंनी. हे उत्तर खरं आहे, आणि त्याबद्दल तेव्हाही कुणाचा वाद नव्हता. तरी त्यावर कुणाचं समाधान झालं नाही, कारण सगळ्यांना एक पायरी मागे जायचं होतं: जंतू बाटलीत आले कुठून? सरकारने चौकशी आयोग नेमला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती लॉरेन्स जेंकिन्स त्याचे अध्यक्ष होते. बाटली मुलकोवालला उघडण्याआधीच दूषित झालेली होती, म्हणजे परळलाच दूषित झाली, असा निष्कर्ष आयोगाने काढला. हाफकिन यांनी लस बनवण्याची पद्धत बदलली होती. आधी लशीत कार्बोलिक आम्ल घालत असत, ते त्यांनी वगळलं आणि निर्जंतुकीकरणाची सारी भिस्त उष्णतेवर ठेवली. नेहमीच्या वाटेवरून कोण ढळलं ते सापडलं, म्हणजे कारणही सापडलं. हाफकिन यांचं पद गेलं.

पण चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली होती. बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो त्याने कार्बोलिकच्या सौम्य पाण्यात बुडवून घेतला आणि त्यानेच बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि गुरांच्या शेणात राहतात. खेड्यातली जमीन म्हणजे त्यांचं घरच. शिवाय बाटली भरल्याला बरेच आठवडे झाले होते. जंतू परळहूनच निघाले असते तर एवढ्या काळात ते वाढून लशीला घाण वास सुटला असता. टोचणाऱ्या डॉक्टरने बाटली उघडल्यावर वास घेऊन पाहिला होता, आणि वास नव्हता. हा मुद्दा धरून रोनाल्ड रॉस आणि त्यांच्यासारख्या आणखी काही शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिलं. त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले, पण परळची खुर्ची त्यांना परत मिळाली नाही. प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं ते १९२५ साली.

आता एक तिसरी गोष्ट. हाफकिन यांनी पद्धत बदलली ती हौस म्हणून नव्हे. पंजाब सरकारला मोठी मोहीम काढायची होती, त्यासाठी लाखांच्या हिशेबात लस हवी होती, आणि जुन्या पद्धतीने ती वेळेत तयार होणं शक्य नव्हतं. या घाईवर कुणी ठपका ठेवल्याचं दिसत नाही. चिमट्याला दोष देता येतो, शास्त्रज्ञाला देता येतो. सरकारच्या वेळापत्रकाला तो द्यायचा तर आधी ते कारणांच्या यादीत यायला हवं.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे की कारण शोधणं आणि कारण निवडणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीला पुरावा लागतो, दुसरीला हेतू. वैद्यक, कायदा, इतिहास, प्रशासन ही क्षेत्रं एकाच घटनेची वेगवेगळी कारणं सांगतात ते बहुतेक वेळा दुसऱ्या क्रियेमुळे, आणि त्यात वावगं काही नाही. वावगं तेव्हा होतं, जेव्हा निवड ही शोधाच्या थाटात पुढे येते.

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, या प्रश्नावर जेवढा काथ्याकूट केला तेवढा फार थोड्या परंपरांनी केला असेल. त्यांचं आवडतं उदाहरण मडक्याचं. माती, कुंभार, चाक आणि चाक फिरवायचा दांडा ही मडक्याची कारणं. पण मडकं होण्याआधी तिथे आणखी बरंच काही हजर असतं. दांड्याचा रंग असतो, आकाश असतं, कुंभाराचा बाप होऊन गेलेला असतो, आणि माती वाहून आणणारं गाढव असतं. यांना कारण का म्हणायचं नाही? सतराव्या शतकातल्या विश्वनाथाने आपल्या कारिकावलीत अशा फालतू पूर्वगामी गोष्टींचे पाच प्रकार केले आणि त्यांना अन्यथासिद्ध म्हटलं. आधी असतात, पण त्यांच्यावाचून अडत नाही, किंवा त्यांचं काम दुसऱ्या कशात आधीच मोजलं गेलेलं असतं. बाप कुंभारात मोजला गेला. गाढव नसतं तर माती कुंभाराने डोक्यावरून आणली असती. पाठशाळेतली मुलं आजही ही यादी घोकतात आणि गाढवापाशी हसतात.

हसू दे त्यांना, पण गाढवाचा मुद्दा दिसतो तेवढा सरळ नाही. एखादं मडकं खरोखरच गाढवाने आणलेल्या मातीचं असतं. त्या एका मडक्यापुरतं गाढव हटवता येत नाही. यावर नैयायिकांचं उत्तर असं की आपण मडकं या जातीचं कारण शोधतो आहोत. मडकी गाढवाशिवायही होतात, म्हणून गाढव बाद. उत्तर पक्कं आहे. पण ते पक्कं आहे ते प्रश्न ठरलेला असल्यामुळे. 'मडकी कशाने होतात' याऐवजी 'हे मडकं इथे कसं आलं' असं विचारलं तर गाढव पुन्हा दारात उभं. मुलकोवालचा चिमटा असाच होता. धनुर्वात कशाने होतो या प्रश्नात त्याला जागा नाही. हे १९ जण कशाने गेले या प्रश्नात तोच मुख्य. विज्ञानाला बहुतेक वेळा पहिल्या प्रकारच्या प्रश्नात रस असतो, न्यायालयाला आणि इतिहासकाराला दुसऱ्या. एकमेकांची कारणं त्यांना गाढवासारखी वाटतात, यात नवल ते काय?

मुंबईत प्लेग आला तो सप्टेंबर १८९६मध्ये. मांडवीच्या गोदी-गोदामांच्या वस्तीत एका रुग्णाची गाठ पाहून डॉ. अकासियो व्हिएगस यांनी निदान केलं. जंतू आधीच सापडला होता: १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी तो ओळखला होता. म्हणजे 'कारण' हातात होतं. तरी पुढची कित्येक वर्षं मुंबईला आपण कशाशी लढतो आहोत हे कळलं नाही, कारण जंतू माणसापर्यंत कसा पोचतो हे ठाऊक नव्हतं, आणि ही रिकामी जागा ज्याने त्याने आपापल्या समजुतीने भरली. महापालिकेच्या आरोग्यखात्याला ती गटारात दिसली. रस्ते धुतले गेले, गटारांत जंतुनाशकं ओतली गेली, घरांना चुना फासला गेला. जी घरं राहण्यास अयोग्य ठरली त्यांवर खुणा रंगवल्या गेल्या. १८९८ साली मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झालं. दाट वस्तीत हवा आणि उजेड शिरत नाही म्हणून रोग होतो, असं त्याचं गृहीत. समुद्रावरचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले गेले. आज त्या रस्त्यांवरून जाणाऱ्याला हे ठाऊक नसतं की तो एका चुकीच्या कारणावरून चालतो आहे.

चुकीच्या म्हणताना थोडं थांबावं लागतं. त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत उंदरांवर प्रयोग करून सांगितलं की प्लेग उंदराच्या पिसवांमार्फत पसरतो. सरकारच्या प्लेग आयोगाने ते जवळजवळ धुडकावून लावलं. खात्री पटायला १९०५ नंतरची वर्षं उजाडली. तेव्हा नव्या पथकाने परळला जे प्रयोग केले ते, माझ्या मते, कारण कसं सिद्ध करावं याचा वस्तुपाठ आहेत. प्रयोगासाठी उभारलेल्या खोल्यांत पिसवा होत्या. त्यांत गिनिपिगांचे पिंजरे ठेवले: काही जमिनीपासून दोन इंचांवर, काही दोन फुटांवर टांगलेले. हवा तीच, घाण तीच, कोंदटपणा तोच. उंदराच्या पिसवेची उडी चार-पाच इंचांपलीकडे जात नाही. खालच्या पिंजऱ्यांतल्या प्राण्यांना प्लेग झाला, वरच्यांना झाला नाही. काही पिंजऱ्यांभोवती चिकट कागद पसरले, तेव्हा पिसवा कागदावर अडकल्या आणि आतले प्राणी वाचले.

यात एकही मोठा शब्द नाही. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि काय होतं ते पाहायचं. डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात शंका काढली होती की आपल्याला एकामागून एक घडणाऱ्या घटना दिसतात, त्यांना बांधणारी कारणाची गाठ कधीच दिसत नाही. ती शंका तत्त्वज्ञानात अजून फिटलेली नाही. पण दोन इंच आणि दोन फूट यांतला फरक पाहिल्यावर पिसवेबद्दल शंका घेणारा मनुष्य विचारवंत नसतो, हटवादी असतो. बर्ट्रांड रसेलने १९१२ साली म्हटलं की प्रगत भौतिकशास्त्रात 'कारण' या कल्पनेला काही काम उरलेलं नाही. समीकरणं आहेत, पुरे. समीकरणाला भूतकाळ-भविष्यकाळ सारखेच, हे खरं. मात्र पिंजरा वर टांगावा की खाली ठेवावा हे ठरवणाऱ्या माणसाला तसं नसतं. त्याला काहीतरी करायचं असतं, आणि करायचं म्हटलं की कारण आलंच.

पिसू सापडली तरी एक प्रश्न उरला, आणि तो पिंजऱ्यात मावणारा नव्हता. प्लेग मांडवीतच का आणि बाकी माणसांपेक्षा गरिबांना जास्त का? मांडवीत धान्याची गोदामं होती, गोदामांत उंदीर होते, आणि शेजारच्या चाळींत एकेका खोलीत दाटीवाटीने माणसं राहत होती. उंदीर मेला की पिसू जवळचं उबदार शरीर शोधते. दूरच्या बंगल्यातलं शरीर तिला दूर पडतं. म्हणजे दाट वस्ती हे कारण नव्हतं असं म्हणता येत नाही. ते सुधार मंडळाला वाटलं त्या वाटेने, हवा आणि उजेडाच्या वाटेने, कारण नव्हतं. उंदीर, पिसू आणि चार भिंतींतली गर्दी या वाटेने होतं. मंडळाच्या हातून घरं पाडली गेली ती जास्त आणि बांधली गेली ती कमी. त्यामुळे उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत घुसली आणि गर्दी वाढली. कारणाचं नाव बरोबर आणि वाट चुकीची असली की असा उपाय होतो. हिंदुस्थानात पुढच्या दोन दशकांत या साथीने एक कोटीच्या आसपास माणसं नेली. प्लेगचं कारण जंतू, हे वाक्य त्या आकड्यापुढे खरंही ठरतं आणि अपुरंही.

याच प्लेगने पुण्यात कारणाचा निराळाच खटला उभा केला. साथरोगांचा कायदा फेब्रुवारी १८९७मध्ये झाला, वॉल्टर चार्ल्स रँड प्लेग समितीचे प्रमुख म्हणून आले, गोरे सैनिक घरात शिरून झडत्या घेऊ लागले, रोग्यांना आणि संशयितांना उचलून छावण्यांत नेऊ लागले. २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या समारंभाहून परतताना, रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. काही दिवसांनी ते मेले. सरकारने हत्येचं कारण शोधलं ते 'केसरी'च्या अंकांत. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि अठरा महिन्यांची शिक्षा.

गंमत अशी, की या खटल्यात टिळकांच्या लेखनामुळे रँड मारले गेले हे सिद्ध करण्याची गरजच नव्हती. भारतीय दंडसंहितेचं १२४-अ हे कलम अप्रीती उत्पन्न करण्याच्या प्रयत्नालाही गुन्हा मानत होतं, आणि न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला समजावलं की लेखांमुळे प्रत्यक्ष काही उपद्रव झाला की नाही, हा प्रश्न गैरलागू आहे. म्हणजे बाहेर, वृत्तपत्रांत आणि सरकारी पत्रव्यवहारात, 'लेख आणि खून' अशी कार्यकारणाची जोडी सर्रास जोडली जात होती. न्यायालयात तिचा पुरावा मागायची वेळ आली तेव्हा कायद्याने पुराव्याला बगल देणारी वाट आधीच करून ठेवलेली होती. परळच्या पथकाने पिसवेसाठी जेवढा पुरावा गोळा केला त्याच्या शतांशही इथे लागला नाही. आजही चिथावणीच्या आरोपांकडे पाहताना मला हा फरक आठवतो. कुणाच्या बोलण्याने काय घडलं हे दाखवणं फार अवघड. म्हणून बोलण्याच्या संभाव्य परिणामाचीच शिक्षा द्यायची. त्याची सोय कायद्याला हवी असेलही, पण मग निदान कारण दाखवल्याचा आव आणू नये.

आणि इतिहासकार? रँड का मारले गेले, याला त्याचं उत्तर आणखी वेगळं. झडत्यांतला अपमान हे कारण कुणीही सांगेल. पण रँड यांना मारणाऱ्या चाफेकर बंधूंपैकी दामोदर यांनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं होतं ते पुण्यात प्लेगची झडती सुरू होण्याआधी. प्लेग आला नसता तर हे भाऊ स्वस्थ बसले असते का? बहुधा नाही. रँड मात्र बहुधा वाचले असते. 'का मारलं' आणि 'रँडच का' हे दोन प्रश्न वेगळे पडतात, आणि प्लेग फक्त दुसऱ्याचं उत्तर आहे. असं झालं नसतं तर काय झालं असतं, या विचाराला गंभीर इतिहासकार नाक मुरडतात. पण कोणतंही कारण सांगताना ते गुपचूप तोच विचार करत असतात. फरक एवढाच की पिंजरा वर टांगून पाहण्याची सोय त्यांना नाही.

माणसाच्या कृतीचं कारण सांगताना आणखी एक अडचण येते. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या. रोग्यांची शुश्रूषा करताना त्यांना लागण झाली, हे महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात आल्या, असं सांगितलं जातं. जंतुशास्त्रज्ञ त्यांच्या मृत्यूचं जे कारण लिहील ते त्याच दिवशी मेलेल्या कुणाही रोग्याच्या कारणासारखंच असेल. चरित्रकाराचं कारण मात्र त्यांचा निश्चय आहे. रोग कसा लागतो हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं, धोका मात्र सगळ्यांना ठाऊक होता. तो पत्करून एक बाई बाहेर पडली. हे कारण पिसवेच्या कारणाला खोडत नाही, पण त्यात विरघळतही नाही. 'का' हा एकच शब्द इथे दोन वेगळी कामं करतो: एकदा यंत्रणा विचारतो, एकदा हेतू.

इंग्लंडचे तत्त्वज्ञ आणि इतिहासकार आर. जी. कॉलिंगवूड यांनी १९४० साली हा फरक नीट मांडला. इतिहासात कारण म्हणजे करणाऱ्याचा हेतू. वैद्यक-अभियांत्रिकीसारख्या व्यवहारी शास्त्रांत कारण म्हणजे जे आपल्याला बदलता येतं ते. वळणावर गाडी उलटली तर चालक म्हणेल वेग, रस्ता मोजणारा म्हणेल उतार, गाडी बनवणारा म्हणेल रचना. ज्याच्या त्याच्या हातात जे आहे तेच त्याचं कारण. आणि दुसऱ्याच्या हातातल्या गोष्टीला कारण म्हणणारा माणूस स्वतःला फसवतो, असा कॉलिंगवूड यांचा टोमणा.

हा विचार मला फार दिवस पटत आला होता, अजून अर्धा पटतो. विविध क्षेत्रांची कारणं एकमेकांशी भांडत का नाहीत, याचा उलगडा त्यातून होतो. पण तो मांडवीच्या चाळीतल्या गिरणी कामगाराला लावून पाहा. त्याच्या हातात काय होतं? गोदाम त्याचं नाही, गटार त्याचं नाही, खोलीचं भाडं त्याच्या मर्जीने ठरत नाही. कॉलिंगवूडच्या नियमाने त्याच्यापाशी प्लेगचं एकही कारण उरत नाही. फार तर गाव गाठणं, आणि ते हजारोंनी गाठलंही. उलट ज्यांच्या हातात सगळं होतं त्यांनी कारण निवडलं ते कामगाराच्या सवयींत: ही माणसं घाण राहतात. म्हणजे ज्याला बदल करणं शक्य त्याने आपल्या आवाक्यातलं कारण सोडून दुसऱ्याच्या आवाक्याबाहेरचं कारण पुढे केलं. जे हातात आहे ते कारण, हा नियम समान ताकदीच्या माणसांत चालतो. ताकद विषम असली की कारणाचं नाव ठेवण्याचा अधिकारही विषम होतो.

कायदा यातून वाट काढतो ती 'नेहमीचं' आणि 'नेहमीपेक्षा वेगळं' या भेदाने. एच. एल. ए. हार्ट आणि टोनी ऑनोरे यांनी १९५९ साली कायद्यातल्या कार्यकारणभावावर ग्रंथ लिहिला, त्यात हे सविस्तर आहे. आग लागली तर प्राणवायूला कुणी कारण म्हणत नाही, फेकलेल्या काडीला म्हणतात. प्राणवायू नेहमीचाच असतो. उपयोगी भेद आहे. पण नेहमीचं काय हे कोण ठरवणार? मुलकोवालच्या चौकशी आयोगाच्या दृष्टीने कार्बोलिक घालणं नेहमीचं होतं, म्हणून ते न घालणारे हाफकिन दोषी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला उष्णतेवर विसंबणं यात काही विशेष नव्हतं. आणि एका खोलीत दहा माणसं राहणं तर मुंबईत इतकं नेहमीचं होतं की ते प्राणवायूसारखं अदृश्य झालं होतं. रोजचा अन्याय कारणांच्या यादीत सहसा येत नाही, तो याच भेदामुळे.

संख्याशास्त्राने विसाव्या शतकात दुसरी वाट काढली. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, तेव्हा विरोधात उभे राहिले ते आधुनिक संख्याशास्त्राचे एक जनकच, रोनाल्ड फिशर: ओढण्याची ओढ आणि कर्करोग ही दोन्ही एकाच आनुवंशिक घडणीतून येत असतील, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः पाइप ओढत आणि पुढे तंबाखू उद्योगाचे सल्लागार झाले, हे सांगायला हवं. आक्षेप मात्र वेडगळ नव्हता. त्याला उत्तर मिळालं ते एका प्रयोगातून नव्हे, तर वर्षानुवर्षं साचत गेलेल्या पुराव्यातून. हिल यांनी १९६५ साली असा पुरावा तोलण्याचे नऊ मुद्दे मांडले आणि त्यांतला एकही अटळ नाही हेही सांगितलं. पण समूहाबद्दल इतकं खात्रीने बोलणारं हे शास्त्र समोर बसलेल्या एका रोग्याला सांगू शकत नाही की तुमचा कर्करोग सिगारेटमुळेच. न्यायालयात नेमकं तेवढंच विचारलं जातं. दोन्ही बाजू प्रामाणिक असून प्रश्न मात्र जुळत नाहीत.

मग ज्याचं त्याचं कारण बरोबर, असं म्हणून हात झटकावेत? मला ते पटत नाही. परळचे पिंजरे सांगतात की यंत्रणेच्या प्रश्नाला खरं-खोटं असतं: पिसू खरी, दूषित हवा खोटी, मग सुधार मंडळाचा हेतू कितीही शुद्ध असो. जिथे निवड सुरू होते तिथे खरं-खोटं संपतं हेही बरोबर, पण जबाबदारी तिथेच सुरू होते. कोणत्या गोष्टीला तुम्ही गाढव म्हणून बाद केलंत, आणि ती बाद झाल्याने कुणाची सुटका झाली, हे विचारता येतं. आणि विचारलंच पाहिजे.

आपल्या काळातलं उदाहरण देतो. महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्या करतो तेव्हा एका मृत्यूची कारणं निरनिराळ्या कागदांवर लिहिली जातात. शवविच्छेदनाच्या अहवालात कीटकनाशकाची विषबाधा असते. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद असते. घरची माणसं कर्ज म्हणतात, मुलीचं लग्न म्हणतात, कधी काहीच म्हणत नाहीत. शेतीतज्ज्ञ पाऊस आणि कोरडवाहू कापूस म्हणतो, अर्थशास्त्रज्ञ भाव म्हणतो. आणि मग जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण येतं. तिथे राज्य सरकारच्या डिसेंबर २००५च्या निर्णयानुसार एक लाख रुपयांच्या मदतीसाठी 'पात्र' की 'अपात्र' हे ठरतं. शेतजमीन हवी; कर्ज बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं; ते फेडता न आल्याने हे घडलं असं दिसायला हवं. गावातल्या बिनपरवाना सावकाराचं कर्ज या हिशेबात धरलं जात नाही, आणि ज्याला बँक उभी करत नाही तो त्याच्याकडेच जातो.

समितीने रेघ मारू नये असं मी म्हणत नाही. सरकारी पैसा द्यायचा तर कुठेतरी रेघ लागतेच, आणि कागदावर दाखवता येईल असाच निकष लागतो. तक्रार पुढच्या टप्प्याची आहे. ही रेघ मदतीपुरती राहत नाही. ती आकडा बनून सभागृहात जाते, वर्तमानपत्रात छापली जाते, आणि तिथे तिचा अर्थ बदलतो: इतक्या आत्महत्या शेतीच्या संकटामुळे, उरलेल्या 'अन्य कारणांनी'. कुणी व्यसन म्हणतो, कुणी घरगुती भांडण म्हणतो. कोणाला पैसे द्यायचे या प्रश्नाचं उत्तर, माणसं कशाने मरतात या प्रश्नाचं उत्तर म्हणून फिरू लागतं, आणि कर्जाचा दस्तऐवज नसलेला शेतकरी मेल्यावर शेतीच्या संकटातूनच वगळला जातो. इथे कुणी खोटं बोललेलं नसतं. समितीने आपलं काम केलं, पोलिसांनी आपलं, डॉक्टरने आपलं. म्हणून हा आकडा छापताना त्याच्याशेजारी निकष छापला जावा: किती प्रकरणं कर्ज नसल्याने अपात्र ठरली, किती कर्ज बिनपरवाना सावकाराचं म्हणून, किती जमीन नावावर नाही म्हणून. नवऱ्यामागे शेती कसणाऱ्या, पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईने जीव दिला तर ती यांतल्या कोणत्या रकान्यात जाते, हे त्या तक्त्यातून निदान विचारता तरी येईल.